थांबा, येतंय

उजव्या हाताचा पंजा वर करायचा, समोरून येणारी बैलगाडी थांबवतात तसा, आणि म्हणायचं, "थांबा, येतंय." मावशीची ही सवय लोणावळ्याच्या गावठाणात सगळ्यांना ठाऊक होती. नवख्या माणसाला वाटायचं, आतून काही खायला-प्यायला येतंय. तो मांडी सावरून बसायचा. खायला काही यायचं नाही. येणार असायचं ते सुनेचं उत्तर.

मावशी माझ्या नात्यातली नव्हे. सगळे तिला मावशी म्हणत, म्हणून मीही म्हणे. मी गावच्या दवाखान्यात सुईण म्हणून लागले तेव्हा तिच्याच गल्लीत खोली घेतली होती. तिचा नवरा आधीच गेलेला. मुलगा रेल्वेच्या लोकोशेडमध्ये फिटरच्या हाताखाली. वळवणच्या बाजूची बरीचशी जमीन तलावाखाली गेली होती, उरलेल्या खाचरांत घरापुरता भात व्हायचा. बाकी दोन म्हशींवर चाले. खंडाळ्याच्या बंगल्यांना दूध घालायला ती स्वतः डोक्यावर घागर घेऊन जाई. दुधात पाणी घाले. मी एकदा तसं बोलून दाखवलं, तर म्हणाली, "मंग काय पान्यात दूध घालू?"

हे आधीच सांगते, कारण मी जे पुढे लिहिणार आहे त्यावरून कुणाला ती देवमाणूस वाटेल. ती तशी नव्हती. जीभ तिखट, हात आखडता, आणि भांडण मिटलं तरी ती शेवटचा शब्द दुसऱ्याला ठेवू देत नसे.

सून पवन मावळातली. दिसायला नीटस, कामाला चोख. पण बोलणाऱ्याच्या तोंडाकडे ती बघत नसे, दाराच्या चौकटीकडे बघे. ताट-वाटी अचानक पडली, तर दोन्ही कानांवर हात ठेवून खालीच बसायची आणि बराच वेळ उठायची नाही. घाट चढून आलेल्या इंजिनाच्या शिट्टीने मात्र तिला काही होत नसे. शिट्टी केव्हा होणार हे तिला माहीत असे, वाटी केव्हा पडणार हे माहीत नसे. तुमच्याही ओळखीत अशी एखादी बाई असेल, किंवा पुरुष असेल. अशा माणसाला आपण 'वेडसर' म्हणून मोकळे होतो. मी आमच्या डॉक्टरांना विचारलं, तेव्हा ते म्हणाले, बुद्धी मंद असेल. ते खरं नव्हतं. त्याला काय म्हणायचं हे मला आजही ठाऊक नाही.

सुनेशी माझी पहिली भेट झाली ती तिला दिवस गेले तेव्हा. मी नेहमीसारखी गेले, बसले आणि विचारलं, शेवटची पाळी कधी आली? सून चौकटीकडे बघत उभी. मी पुन्हा विचारलं, जरा मोठ्याने. मग वाटलं, प्रश्न कळला नसेल, म्हणून वेगळ्या शब्दांत विचारलं. उलट्या होतात का, तेही विचारून घेतलं. मावशीने पंजा वर केला.

"बाई, तुमी इचारलं न्हवं?"

"हो."

"मंग आता गप बसा. तुमी पुन्ना इचारलं, का तिला पुन्ना पयल्यापासनं सुरू करावं लागतं. थांबा, येतंय."

मला अजून दोन घरं करायची होती. मी उठले, हात धुतले, पिशवी उचलली. पायात चपला घालत होते तेव्हा सून चौकटीला म्हणाली, "दसऱ्याच्या आदी. उलट्या सकाळच्याला." मी विचारलं होतं त्याच क्रमाने, काहीही न गाळता.

"बघा," मावशी म्हणाली. "उगा चार डाव इचारलंत. एका डावात आलं असतं."

हे तिला कुठून कळलं, ते मी एकदा विचारलं. ती शेण थापत होती. म्हणाली, तिच्या माहेरच्या गावी चैत्रात विहीर आटायची. तळाशी नुसता झरा. बायका खाली उतरून वाटीवाटीने घागर भरायच्या. एक वाटी काढली की थांबायचं, पाणी पुन्हा जमू द्यायचं. एखादी घायकुती बाई वाटीने तळ खरवडायची आणि सगळ्यांचं पाणी गढूळ करायची.

"सून नवीन आली तवा म्या बी खरवडत हुते," ती म्हणाली. "मंग ध्यानात आलं. पानी हाय. झरा बारीक हाय, येवडंच."

गल्लीत मावशीचं नाव काही चांगलं नव्हतं. त्याचं कारण लुगडं. दर दिवाळीला मुलगा सुनेसाठी नवं लुगडं आणायचा आणि ते मावशी नेसायची. सून सासूच्या जुन्या, विटक्या लुगड्यात. पाणवठ्यावर बायका म्हणायच्या, म्हातारीला या वयात नटायची हौस, पोरीच्या अंगावर चिंध्या. एकीने तोंडावर टोमणा मारला, "मावशी, लगीन ठरलंय का तुमचं?"

"ठरलंय की," मावशी म्हणाली, "तुज्या सासऱ्याला इचार."

खरी गोष्ट मला बाळंतपणाच्या तयारीत कळली. नव्या कापडाची खळ सुनेला सोसत नसे. अंगाला काटे टोचल्यासारखं होई, काम सुचत नसे. म्हणून मावशी नवं लुगडं स्वतः नेसायची, दगडावर आपटून आपटून धुवायची, आणि ते पार मऊ पडलं की सुनेला द्यायची. मी म्हटलं, "हे लोकांना सांगत का नाही?"

"कशाला? लोकं मला नावं ठिवत्यात तवर तिला ठिवत न्हाईत."

बांगड्यांचंही तसंच. हिरवा चुडा हातात किणकिणला की सुनेचं कामावरून लक्ष उडे. एक दिवस तिने तो चिंधीने गुंडाळला आणि गल्लीत ओरड झाली, सवाशिणीने चुडा झाकला. मावशीने कासाराकडून लाखेच्या बांगड्या आणल्या, एकेका हातात एकच. "आमच्यात असंच घालत्यात," तिने सांगून टाकलं. त्यांच्यात तसं काही नव्हतं. पण ती एवढ्या ठसक्यात म्हणाली, की पुढच्या वर्षी गल्लीतल्या आणखी एकीने तशाच घेतल्या.

बाकी नियम दोनच होते आणि ते घरात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला दारातच ऐकावे लागत. मागून हाक मारायची नाही. काही करायचं असेल तर आधी सांगायचं. घरात शिरताना मावशी स्वतः खोकायची. "आता पानी वतते गं," "आता म्हस सोडते गं," असं तिचं दिवसभर चाले. बाहेरून ऐकणाऱ्याला वाटे, म्हातारी भिंतीशी बोलते.

बाळंतपण अवघड नव्हतं. मावशी उशाशी बसून मला दटावत होती, "बाई, हात लावायच्या आदी सांगा." मी सांगत गेले: आता पोटावर हात ठेवते, आता कळ येईल, आता गरम कापड लावते. सून शांत राहिली. तेव्हापासून मी सगळ्याच बायकांना हात लावण्याआधी सांगते. त्याला पैसे पडत नाहीत आणि काम लवकर होतं.

मुलगी झाली. खरा पेच त्यानंतर आला. मुलीचं रडणं सुनेला सोसवेना. मूल रडायला लागलं की ती त्याला पाळण्यात ठेवून गोठ्यात जाऊन बसे. मावशीने यावरही तोड काढली. तेलात भिजवलेला कापूस सुनेच्या कानात घालायचा, मग तिने मुलीला पाजायचं. रडण्याच्या वेळी मूल मावशीकडे, पाजण्याच्या वेळी आईकडे. मूल अंग धरत होतं, मी वजन करत होते. पण शेजारणींना वजनाशी काय करायचंय? त्यांनी कानातला कापूस पाहिला. लेकरू रडतं आणि आई कानात बोळे घालून बसते, ही बातमी बाजारच्या दिवशी पवन मावळापर्यंत पोचली.

सुगी संपल्यावर मावशीचा दीर, म्हणजे तिच्या मुलाचा चुलता, आला. भारदस्त माणूस, पांढरं मुंडासं, घरातला वडीलधारा म्हणून त्याच्या शब्दाला मान. सुनेच्या बापालाही त्याने बरोबर आणलं होतं. आणि खिशात सुपारी आणली होती. त्याच्या मेहुण्याची मुलगी लग्नाची होती. ही सून माहेरी पोचवायची, मूल ठेवून घ्यायचं, आणि त्या मुलीशी पुतण्याचं दुसरं लग्न लावायचं. आज सुपारी फोडायची म्हणजे शब्द पक्का. फुटलेल्या सुपारीचा शब्द परत घेता येत नाही, हे तुम्हाला माहीत आहे.

मावशीने मला बोलावून घेतलं. "तुमी काय बोलू नका," म्हणाली. "नुसत्या बसा. शिकलेली बाई बसली का मानसं जरा कमी वरडत्यात."

चुलत्याने पाटावर सुपारी आणि अडकित्ता ठेवला. पुतण्या खांबाला टेकून जमिनीकडे बघत होता. तो चांगला मुलगा होता, बायकोला कधी वर आवाज करून बोलला नव्हता. पण वडीलधाऱ्यांपुढे त्याच्या तोंडून शब्द निघत नसे.

"वैनी," चुलता म्हणाला, "आमी काय राक्षस न्हाई. बापासमूर पोरीला इचारतो. उद्या कुनी म्हनायला नको, जबरदस्ती केली."

"इचारा," मावशी म्हणाली. "पर एकदाच इचारायचं."

सून आतल्या दाराशी उभी होती. चुलता मोठ्याने म्हणाला, "पोरी, म्हायेरी जातीस का? आनि हितं दुसरी आनली तर तुजी काय हरकत?"

सून चौकटीकडे बघत राहिली. चुलत्याने पाच-दहा श्वास वाट बघितली असेल. मग तो सुनेच्या बापाकडे वळला. "पाव्हणं, बघितलंत. गप हाय. बाईमानूस गप ऱ्हायलं म्हंजी कबूल." सगळीकडे हीच रीत आहे. बोहल्यावरच्या मुलीलाही आपण असंच विचारतो. त्याने अडकित्ता उचलला.

मावशीने सुपारीवर पालथा पंजा ठेवला. "थांबा, येतंय."

"काय येतंय?"

"तुमी इचारलंय त्याचं उत्तर."

चुलता हसला. सुनेचा बाप हसला नाही. त्याला मुलीचं माहीत असावं. थोड्या वेळाने सून वळून आत गेली. परातीचा आवाज झाला, मग भाकरी थापल्याचा. तिची भाकरीची वेळ झाली होती आणि ती वेळ ती कुणासाठी मोडत नसे.

"ही उत्तर देतीया का भाकऱ्या बडवतीया?" चुलत्याने विचारलं.

"दोनी," मावशी म्हणाली.

"वैनी, हात उचला. चेष्टा लावलीया का?"

"न्हाई उचलत."

तो माझ्याकडे वळला. "बाई, तुमी शिकलेल्या. असं कुटं असतंय का?"

"असतं," मी म्हटलं. "मी थांबलेली आहे."

एक मालगाडी घाटाकडे गेली. भाकऱ्यांचा वास येऊ लागला. चुलत्याला भूक लागली होती, ते दिसत होतं. तो आतल्या दाराकडे तोंड करून पुन्हा विचारायला लागला, तेव्हा मावशीने दुसरा पंजा वर केला. "भावजी, पुन्ना इचारलंत तर पुन्ना पयल्यापासनं बसावं लागंल. उपाशी."

एवढा मोठा माणूस एका म्हाताऱ्या बाईच्या पंजाकडे बघत बसलेला मी पुन्हा कधी पाहिला नाही. मला तरी खात्री नव्हती. सासूचा हात किती वेळ टिकेल? आणि उत्तर आलंच नाही तर? संध्याकाळपर्यंत ती पोर बापाच्या मागे चालत पवन मावळाच्या वाटेला लागली असती आणि पाळण्यातलं मूल इथे राहिलं असतं.

सून ताटं घेऊन बाहेर आली. चुलत्याला वाढलं, बापाला वाढलं, नवऱ्याला वाढलं. कालवणाची वाटी आवाज न करता टेकवली. मग चौकटीपाशी जाऊन उभी राहिली आणि चौकटीला म्हणाली,

"म्हायेरी न्हाई जानार. तितं मला कुनी आदी सांगत न्हाई. हितं सांगत्यात. दुसरी आनायला हरकत हाय."

दोन प्रश्न होते, दोन उत्तरं आली. तिच्या बापाने हातातला घास ताटात ठेवला. चुलता काही म्हणणार, तोच खांबापाशी बसलेला पुतण्या म्हणाला, "आबा, सुपारी खिशात ठिवा." आवाज मोठा नव्हता, पण त्याच्या तोंडून असं वाक्य कुणी ऐकलेलं नव्हतं.

मावशीने हात उचलला. तळहातावर सुपारीचा गोल वळ उठला होता. चुलत्याने सुपारी घेतली, मुंडासं नीट केलं आणि आणखी दोन भाकऱ्या मागून घेतल्या. राग असला तरी भाकरी चांगली होती.

पाहुणे गेल्यावर मी विचारलं, "मावशी, तुम्हाला खात्री होती?"

"कशाची?"

"ती काय बोलेल याची."

"न्हाई," मावशी म्हणाली. "जाते म्हनली असती, तर म्या सोता पोचवून आले असते. पर तिनं म्हनायला पायजे."

त्यानंतर काही वर्षं गेली. मुलगी मोठी होत होती आणि चांगली बडबडी निघाली. बडबड असह्य झाली की सून तिला म्हणे, "आता आजीकडं," आणि पोर जाई. तिला त्यात वावगं वाटत नसे. तिच्या घरची तशी रीतच होती. मावशी दर दिवाळीला नवं लुगडं नेसत राहिली आणि गल्ली तिला नावं ठेवत राहिली.

लढाईच्या दिवसांत, रॉकेल मिळेनासं झालं होतं त्या सुमारास, मावशीच्या छातीत कफ झाला. या वयात तो उतरत नाही. मी सकाळ-संध्याकाळ जाऊन शेक देत असे. शेवटच्या दिवशी ती शुद्धीवर होती. सून पायथ्याशी उभी. मावशीने तिला विचारलं, "पोरी, म्या गेल्यावर तुला आदी कोन सांगंल?"

सून खाटेच्या खुराकडे बघत राहिली. मी मावशीचं तोंड पुसायला पुढे झाले, तर तिने पंजा वर केला. पुरता वर गेला नाही, चादरीवरून जरासा उचलला गेला. "थांबा," म्हणाली. पुढचा शब्द तिला धाप लागून म्हणता आला नाही. दुपार व्हायच्या आत ती गेली. उत्तर आलेलं नव्हतं.

तेराव्यानंतर मी शेकासाठी नेलेलं माझं एनॅमलचं भांडं आणायला गेले. दारात खोकले. दोरीवर नवं लुगडं वाळत होतं, दुखवट्याचं, सुनेच्या बापाने आणलेलं. आदल्या दिवशीही मी ते ओलं पाहिलं होतं, त्याच्या आदल्या दिवशीही. सून ते न नेसता नुसतंच धूत होती.

मुलगी ओसरीवर कवड्या खेळत होती. तिला शाळेत घालायचं मावशीच्या मनात होतं, ते राहूनच गेलं होतं. म्हणून मी विचारलं, "हिला शाळेत घालायचं का?"

सून चौकटीकडे बघत होती. मग तिने उजव्या हाताचा पंजा वर केला. नीट वर, गाडी थांबवतात तसा.

"थांबा," ती म्हणाली. "येतंय."

मी भांडं मांडीवर घेऊन बसले. घाटातून शिट्टी आली आणि गेली. सून वळली आणि मावशीच्या रिकाम्या खाटेला म्हणाली, "मीच सांगन. मला आदी सांगत जावा, म्हून. समद्यास्नी."

मग परत चौकटीकडे वळली.

"व्हय, घालायची," म्हणाली. "पर मास्तरनीला आदी सांगून या."